दाराच्या अलीकडचे किस्से

त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा खुर्चीत बसल्याच नाहीत. पर्स काखेत धरून त्यांनी खोलीभर नजर फिरवली, खिडकी कुठे उघडते ते पाहिलं आणि म्हणाल्या, "मी बाहेर जाऊन दार लावून घेते. तुम्ही नेहमी बोलता त्या आवाजात काहीतरी बोला. मी आत येईपर्यंत थांबू नका."

मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि म्हैसूरच्या दसरा मिरवणुकीच्या, म्हणजे जंबू सवारीच्या, पासांची बातमी वाचायला लागले. दोन परिच्छेद झाले असतील. दार उघडून त्या आत आल्या. "पास कुठे मिळणार ते कळलं," त्या म्हणाल्या. "दार नीट करून घ्या. मग मी येईन."

मला राग आला. तीन वर्षं मी त्या खोलीत बसत होते आणि इथलं बोलणं इथेच राहतं, असं येणाऱ्या प्रत्येकाला छातीठोकपणे सांगत होते. त्या गेल्यावर मदतीला येणाऱ्या मुलीला आत बसवलं, तीच बातमी वाचायला दिली आणि मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. शब्द न् शब्द ऐकू येत होता. या बाकावर तीन वर्षांत कोण कोण बसलं असेल, त्यांच्या कानांवर काय काय पडलं असेल, हे मनात आलं आणि राग कुठल्या कुठे गेला. पोटात खड्डा पडला.

सुतार बोलावला. चौकटीला रबराची पट्टी, दाराखालच्या फटीला ब्रश, आतून जाड पडदा, आणि बाक दारापासून लांब, जिन्याकडे. एवढं करूनही कुणी मोठ्याने रडलं तर कळायचं. शेवटी बाकाशेजारच्या फळीवर एक रेडिओ ठेवला आणि आकाशवाणी म्हैसूर लावून दिलं. त्या बाई जाताना सांगून गेल्या होत्या, की मला 'दार झालं' एवढे दोनच शब्द पाठवा. ते पाठवले. त्या आल्या, पुन्हा बाहेर उभ्या राहिल्या, मी पुन्हा पेपर वाचला. या वेळी आत येऊन त्यांनी पर्स खाली ठेवली.

पुढे त्या काय बोलल्या ते या लेखात येणार नाही. दाराचा किस्सा लिहू का, हे मात्र मी त्यांना विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं. समुपदेशकाकडे लोक पडद्यामागचे किस्से मागतात. आमच्याकडे पडद्यामागचं सांगायचं नसतं. पडदा कसा सांभाळला, कुठे फाटला आणि कसा शिवला, तेवढंच सांगता येतं. तेव्हा इथले सगळे किस्से दाराच्या अलीकडचे, बाक, जिना, फोन आणि रद्दी यांचे आहेत. त्यांतही माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, गाव, नातं बदललं आहे. एक किस्सा फार चांगला होता, पण कितीही बदलला तरी ती व्यक्ती स्वतःला ओळखेल असं वाटलं, म्हणून तो गाळला.

त्या रेडिओबद्दल थोडं सांगायलाच हवं. मी मूळची बेळगावची, लग्न होऊन म्हैसूरला आले. माझी खोली सरस्वतीपुरमला आहे. तिथून कुक्करहळ्ळी केरे म्हणजे इथला तलाव जवळ आणि त्यापलीकडे विद्यापीठाचा परिसर. त्या परिसराला कन्नड कवी कुवेंपूंनी 'मानसगंगोत्री' हे नाव दिलं. मनाच्या गंगेचा उगम. मानसशास्त्राचा विभागही तिथेच. या विभागाची सुरुवात १९२४ मध्ये महाराजा कॉलेजात झाली, कोलकात्यानंतरच्या देशातल्या अगदी जुन्या विभागांत त्याची गणना होते. तो उभा करणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी लंडनला मानसशास्त्रज्ञ स्पिअरमन यांच्याकडे शिकून आले होते. याच गोपालस्वामींनी १९३५ मध्ये आपल्या राहत्या घरात एक छोटं ट्रान्समीटर बसवून नभोवाणी केंद्र सुरू केलं. घराचं नाव विठ्ठल विहार आणि केंद्राचं नाव आकाशवाणी. हेच नाव पुढे पन्नासच्या दशकात साऱ्या देशाच्या नभोवाणीला मिळालं. मनाचा अभ्यास करणाऱ्या माणसाने घरातून आवाज गावभर पोचवायची सोय केली. आज नव्वद वर्षांनी त्याच केंद्रावरची भावगीतं माझ्या बाकाशेजारी वाजतात आणि आतल्या माणसाचा आवाज बाकापर्यंत पोचू देत नाहीत. हे मला फार मोलाचं वाटतं. कुणी कंटाळून रेडिओ बंद केला की मी बोलता बोलता उठते आणि पुन्हा लावून येते.

म्हैसूरला आल्यावर पहिली अडचण आली ती शब्दाची. समुपदेशनाला कन्नडमध्ये 'आप्तसमालोचने' म्हणतात. शब्द सुंदर आहे: जवळच्या माणसाने केलेला विचारविनिमय. पण मराठी कानाला तो भलतंच सांगतो. आपल्याकडे आप्त म्हणजे नातेवाईक, आणि समालोचन म्हटलं की क्रिकेटचं धावतं समालोचन. (सामन्याच्या वर्णनाला कन्नडमध्ये 'वीक्षक विवरणे' हा वेगळाच शब्द आहे.) माझ्या ओळखीतल्या एका मराठी आजींना पाटीवरचा शब्द मी वाचून दाखवला तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, "म्हणजे इथलं सगळं नातेवाइकांना सांगतात?" ज्या गोष्टीची माणसाला सर्वांत जास्त भीती असते, नेमकी तीच त्या शब्दात त्यांना ऐकू आली. मी पाटी बदलायचं ठरवलं ते त्या दिवशी.

खरं तर पाटी असावीच का, हा प्रश्न होता. कुणी आलं की त्यांची स्कूटर तीन घरं सोडून लागलेली असायची. काही जण जिन्याशी येऊन फोनवर बोलत उभे राहत, वर-खाली कुणी नाही असं पाहून मग झपकन वर येत. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांनी घरी 'दाताला जाते' असं सांगितलेलं असतं. हे कळल्यावर मी पाटी काढून टाकली. आता दारावर फक्त माझं नाव आणि घराचा क्रमांक आहे. पाटी नसल्यामुळे येणारे कमी होतील, असं सगळ्यांनी बजावलं होतं. तसं झालं नाही. आणि दंतवैद्य डॉक्टरांनी, मी काहीही न सांगता, आपली पाटी जिन्याच्या तोंडाशी आणून लावली. त्याबद्दल आम्ही दोघं कधी एक अक्षर बोललो नाही.

मराठी माणसं माझ्याकडे मराठी बोलता येतं म्हणून येतात आणि मी मराठी आहे म्हणूनच घाबरतात. म्हैसूर तसं मोठं शहर, पण त्यातलं मराठी गाव लहान. पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेली, घरात जुनी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. दक्षिणेतल्या बहुतेक शहरांप्रमाणे सोन्याचांदीची गलाई करणारी विटा, खानापूर, आटपाडीकडची घरं आहेत. आयटीतली, बँकेतली, बदलीवर आलेली माणसं आहेत, आणि शिकायला आलेली मुलं. गणपतीत, संक्रांतीला सगळी एकमेकांना भेटतात. गलाईवाल्यांचं तर असं, की इथे सकाळी शिंकलं तर संध्याकाळी विट्यात कळतं. अशा घरातला माणूस माझ्या जिन्याची पहिली पायरी चढतो, तेव्हा त्याने काय पणाला लावलेलं असतं, हे बाहेरच्याला कळणार नाही. बेळगावची असल्यामुळे मला कळतं. मी 'बर्री, कूड्री' म्हणते तेव्हा इथले 'बन्नी, कूतकोळ्ळी' म्हणणारे कन्नड लोक ओळखतात, की ही बाई उत्तरेची आहे, आपल्या गल्लीतली नव्हे. आणि तेच त्यांना बरं वाटतं. मराठी माणसाला तो दिलासा मी देऊ शकत नाही.

म्हणून पहिल्याच भेटीत मी सांगून टाकते: बाहेर कुठे भेटलो तर मी ओळख दाखवणार नाही. तुम्ही हाक मारलीत तर बोलेन, नाही मारलीत तर तुमच्या शेजारून निघून जाईन, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

याची परीक्षा एका संक्रांतीला झाली. एका घरी हळदीकुंकवाला गेले. तिळगुळाबरोबर इथल्या रीतीचं एळ्ळु-बेल्लही होतं. यजमानीणबाईंनी सून पुढे केली, "ही आमची सूनबाई. ओळख करून देते." सून माझ्याकडे येत असे. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि मी म्हटलं, "नमस्कार. माहेर कुठलं तुमचं?" तिने गावाचं नाव सांगितलं. मी ते पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकून घेतलं. तिने मला कुंकू लावलं तेव्हा तिचा हात थरथरत होता. वाण घेतलं आणि निघाले. दारापर्यंत सोडायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही ते समुपदेशनाचं करता ना? आमच्या ओळखीतलं येतं का हो कुणी?" मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या ओळखीतलं कुणी येत असेल आणि मी ते सांगितलं, तर उद्या तुम्हाला यावंसं वाटेल का?" त्या हसल्या. पण त्यांनी तो प्रश्न मला पुन्हा कधी विचारला नाही, आणि इतरांनाही विचारू दिला नाही.

आता माझ्या हातून झालेली चूक.

काम सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षीची गोष्ट. भेटीची आठवण म्हणून मी आदल्या संध्याकाळी सगळ्यांना मेसेज पाठवत असे: उद्या इतक्या वाजता, समुपदेशन, खाली माझं नाव. एका बाईंचा फोन घरातल्या टेबलावर पडलेला असायचा आणि तो सगळ्यांच्या हाताळणीतला होता, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मेसेज त्यांच्या नवऱ्याने वाचला. त्या एकदाच पुन्हा आल्या, उभ्या उभ्या, राहिलेली फी द्यायला. "तुमचा दोष नाही," असं म्हणून गेल्या. दोष माझाच होता. मी आत काय बोलले, किती समजून घेतलं, याला त्या एका ओळीनंतर काही अर्थ उरला नाही. त्या परत आल्या नाहीत.

तेव्हापासून पहिल्या भेटीच्या कागदावर पहिला प्रश्न नावाचा नसतो. 'या नंबरवर मेसेज आला तर आणखी कोण वाचतं?' हा असतो. त्याखाली, 'मेसेजमध्ये मी स्वतःला काय म्हणू?' कुणी लिहितं शिवणाची बाई, कुणी लिहितं ग्रंथालय. एका आजोबांनी लिहिलं, 'काही म्हणू नका, मीच येईन, वार माझ्या लक्षात राहतो.' पैसे घेताना तोच विचार. यूपीआयच्या नोंदीत माझं नुसतं नाव दिसतं, कामाचं नाव दिसत नाही. दुकानांत असतो तसा, रक्कम मोठ्याने पुकारणारा साउंडबॉक्स घ्या म्हणून बँकेचा माणूस दोनदा आला; त्याला दोनदा परत पाठवलं. मागे मी दुसऱ्या एका ठिकाणी काम करायचे, तिथे बाहेरच्या टेबलावर वही असायची: नाव, वेळ आणि 'येण्याचं कारण'. दहावा माणूस वरची नऊ कारणं वाचूनच आपलं लिहायचा. त्या वहीत सर्वांत जास्त वेळा लिहिलेलं कारण होतं 'डोकेदुखी'. तिथली माणसं वाईट नव्हती. त्या रकान्याकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

एका कंपनीशी करार होता, कर्मचाऱ्यांसाठी. महिन्याच्या शेवटी तिथला माणूस म्हणाला, बिलासोबत कोण कोण आलं त्यांची यादी जोडा. मी तासांचा आकडा देते, नावं देत नाही, असं सांगितलं. करार पुढच्या वर्षी झाला नाही.

आणि मग त्या काकांचा फोन. महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावाहून. मुलगा एकवीस वर्षांचा, इथे शिकायला.

"ताई, नमस्कार. आमचा पोरगा तुमच्याकडे येतो ना?"

"काका, माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही."

"अहो, पण पैसे माझ्या खात्यातून जातात. तुमचं नाव येतंय माझ्या मोबाइलवर."

"हो. तरीही."

"फी बापाने भरायची आणि बापाला काही कळायचं नाही? शाळेत प्रगतिपुस्तकावरसुद्धा आमची सही घेतात."

त्यांचा आवाज चढला होता. मी गप्प बसून ऐकत राहिले. रागाखाली काय आहे ते ऐकू येत होतं. बराच वेळ ते बोलत राहिले; पोरगा सुट्टीत घरी आला तेव्हा कसा होता, आईशी बोलला नाही, रात्रभर गच्चीवर बसायचा. मग थांबले. मग अगदी हळू म्हणाले, "बरं, बाकीचं जाऊ द्या. जेवतोय का, एवढं तरी सांगा."

या प्रश्नाला 'सांगता येणार नाही' असं म्हणणं मला जेवढं जड गेलं, तेवढं क्वचितच काही गेलं असेल. मी म्हटलं, "काका, हाच प्रश्न त्याला विचारा. आत्ता मला विचारलात ना, तसाच. याच आवाजात."

"तो फोन ठेवतो."

"अभ्यासाचं विचारलं की ठेवतो, की जेवणाचं विचारलं की?"

पलीकडे शांतता. "जेवणाचं मी कधी विचारलं नाही," ते म्हणाले. "ते त्याची आई विचारते."

तो मुलगा माझ्याकडे येत होता की नाही, हे मी वाचकांनाही सांगणार नाही. नियम एवढाच सांगते: असा फोन आला, की तो ज्याच्याबद्दल आला त्याला पुढच्या भेटीत शब्दशः सांगायचा. पलीकडून काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, सगळं. त्याच्या पाठीमागे त्याच्याबद्दल काही बोललं गेलंय, हे त्याला दुसरीकडून कळता कामा नये.

काकांना मी कायदाही सांगू शकले असते. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ मध्ये लागू झाला. त्याच्या तेविसाव्या कलमात मनोरुग्णाला आपली माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे आणि उपचार करणाऱ्यांवर ती गुप्त ठेवण्याचं बंधन घातलं आहे. पुढच्या कलमात फोटो किंवा माहिती संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देण्यावर बंदी आहे. पण कायद्याची भाषा 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' अशी आहे. परीक्षेच्या धास्तीने, मोडलेल्या लग्नाने, नोकरीतल्या अपमानाने माझ्याकडे येणारा माणूस त्या व्याख्येत बसेलच असं नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नवरा-बायकोतलं बोलणं आणि वकील-अशिलातलं बोलणं यांना आपल्या पुराव्याच्या कायद्यात संरक्षण आहे. ब्रिटिशांच्या काळच्या कायद्यात होतं, २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही आहे. समुपदेशकाला तसं संरक्षण नाही. न्यायालयाने बोलावलं तर मला जावं लागेल. हे मी येणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगते, आणि वहीत कमीत कमी लिहिते.

आधार आहे तो याहून मोठ्या गोष्टीचा, आणि त्याचाही एक धागा याच महाराजा कॉलेजातून निघतो. तिथे शिकलेले के. एस. पुट्टस्वामी पुढे कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. निवृत्तीनंतर, वयाची ऐंशी उलटल्यावर, २०१२ मध्ये त्यांनी आधार योजनेविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्याच प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपण हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मुख्य निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचं आणि स्वतंत्र निकालपत्रं लिहिणाऱ्यांत न्या. शरद बोबडे, दोघेही आपल्या मराठी मुलखातले. पुट्टस्वामी २०२४ मध्ये, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेले. महाराजा कॉलेजच्या पिवळ्या इमारतीवरून जाताना मला नेहमी वाटतं, की मन समजून घ्यायचं आणि ते दुसऱ्याच्या नजरेपासून जपायचं, ही दोन्ही कामं करणारी माणसं याच व्हरांड्यांतून चालली होती.

गुप्तता कुठे संपते हे पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं नाही, तर बाकी सगळं सांगणं खोटं ठरतं. मी सांगते: तुमच्या जिवाला धोका असेल, तुमच्याकडून दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं मला कळलं, तर मी गप्प बसणार नाही. तिसऱ्या बाबतीत पोक्सो कायद्याने पर्यायच ठेवलेला नाही. पोलिसांना कळवलं नाही तर न कळवणाऱ्याला शिक्षा आहे, आणि असायलाच हवी.

दुसऱ्या बाबतीचा जगभर शिकवला जाणारा खटला अमेरिकेतला आहे आणि त्यात एक भारतीय विद्यार्थी आहे. बर्कली विद्यापीठात बंगालहून गेलेल्या या तरुणाने आपल्यावर उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं होतं, की आपण एका मुलीला मारणार आहोत. तज्ज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी त्याला विचारपूस करून सोडून दिलं. मुलीला कुणीच काही सांगितलं नाही. ऑक्टोबर १९६९ मध्ये तिचा खून झाला. टॅरासॉफ हे तिचं आडनाव. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की धोका ज्याला आहे त्याला वाचवण्याचं कर्तव्य उपचारकावर आहे. आपल्या २०१७ च्या कायद्यातही ही सवलत आहे, आणि तिच्यासोबत एक अट आहे: धोका टाळायला लागेल तेवढीच माहिती द्यायची.

'तेवढीच' म्हणजे किती, हे मला एका रात्री कळलं. साडेदहाला माझ्याकडे येणाऱ्या एकीचा फोन आला. आवाज ऐकला आणि तिला ही रात्र एकटीने काढू द्यायची नाही, हे ठरवलं. मी तिला म्हटलं, "मी आता तुझ्या बहिणीला फोन जोडते. तू लाइनवरच राहा. मी जे बोलेन ते तुझ्यासमोर बोलेन." बहिणीला मी दोनच वाक्यं सांगितली. आत्ता हिच्याकडे निघा. सकाळी डॉक्टरकडे पोचेपर्यंत हिला एकटं सोडू नका. बहीण घाबरून विचारत राहिली, काय झालं, कशावरून झालं, कुणामुळे? मी म्हटलं, ते तिचं आहे, तिला वाटलं तर ती सांगेल. बहीण गाडी काढून निघाली. त्या रात्री मी विश्वास मोडला, पण चोरून मोडला नाही आणि गरजेपेक्षा एक शब्दही जास्त मोडला नाही. त्याबद्दल माझ्या मनात आजही किंतु नाही.

राहिली रद्दी. कुक्करहळ्ळी तलावाला फेरी मारून आले की मी चुरमुरी घेते. एका संध्याकाळी कागदाचा कोन रिकामा झाला आणि आतल्या बाजूला कुणाचातरी तपासणीचा अहवाल निघाला. नाव, वय, आजार, सगळं छापील, वर कांद्याचा डाग. ते नाव मी वाचलं होतं, आता ते न वाचलेलं करता येणार नव्हतं. घरी आले आणि माझी जुनी टिपणं कुठल्या खोक्यात आहेत, ते पाहिलं. त्यांत नावं नाहीत, क्रमांक आहेत. क्रमांकांची यादी वेगळ्या कुलपात. तरीही मुदत संपलेले कागद मी त्या दिवसापासून रद्दीत देत नाही. रात्री बादलीत भिजवते, सकाळी लगदा करून झाडांच्या मुळाशी घालते. संगणकावर ठेवा, सुरक्षित असतं, असं सांगणारे भेटतात. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार देणारी कंपनी होती. तिची संगणकावरची टिपणं चोरीला गेली आणि २०२० मध्ये चोराने थेट रुग्णांनाच ईमेल पाठवून पैसे मागितले. सुमारे ३३,००० माणसं होती. चोराला २०२४ मध्ये सहा वर्षांहून अधिक कैद झाली, कंपनी बुडाली. पण जे उघड्यावर पडलं ते पुन्हा झाकता आलं नाही.

मी उद्या नसले तर या कुलपाचं काय, हेही लिहून ठेवलं आहे. किल्ली एका ज्येष्ठ समुपदेशकाकडे जाईल. चालू असलेल्या लोकांना ते स्वतः कळवतील, बाकीचं न वाचता नष्ट करतील. घरच्यांनी खोलीत पाऊल टाकायचं नाही. नवऱ्याने त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली आहे. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याने मला 'आज कोण आलं होतं' असं एकदाही विचारलेलं नाही. माझ्या कामातला अर्धा वाटा त्याचा आहे, हे इथे छापून यावं अशी माझी इच्छा आहे.

वाचकांपैकी कुणाला जावंसं वाटत असेल तर जरूर जा, आणि बसण्याआधी दार लावून बघा, बाहेर ऐकू येतं का ते. टिपणं कोण वाचतं, मेसेज कुठे जातो, कोणत्या वेळी तुम्ही माझं गुपित मोडाल, हे स्पष्ट विचारा. चांगला समुपदेशक रागावणार नाही. जिना चढवतच नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि जे जाणार नाहीत, त्यांच्याकडे एकच मागणं आहे. रस्त्याने जाताना अशा एखाद्या जिन्याखाली ओळखीची स्कूटर दिसली, तर थांबू नका, वर पाहू नका, आणि घरी गेल्यावर त्याबद्दल बोलू नका.